घरच्या सर्व्हरला डेबियन, ट्रूनॅस, प्रॉक्समॉक्स की विंडोज? कऱ्हाडच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर लगेच दिसेल. तुमच्याकडे चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि एच-८१ बोर्ड असलेला जुना डेस्कटॉप आहे. त्यावर विंडोज १० आहे. ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क तुम्ही घेऊन ठेवल्या आहेत. ठेवायचं आहे ते सगळं मिळून दीड टीबीच्या आसपास: वडिलांनी काढलेल्या फोटोंचे स्कॅन, त्यांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग, सातबारे आणि खरेदीखतांच्या प्रती, दोन्ही मुलांच्या फोनमधले फोटो. म्युनिकमधल्या भावाला यातले फोटो तिथून बघता यावेत. आणि ओळखीतल्या चौघांनी चार दिशा दाखवल्या. एक म्हणतो झेडएफएस या फाइल सिस्टमशिवाय (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) डेटा कुजतो आणि ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या, रॅमशिवाय झेडएफएस म्हणजे आत्महत्या. दुसरा म्हणतो आधी एका यंत्रात अनेक यंत्रं चालवणारं प्रॉक्समॉक्स टाका, मग त्यावर काय हवं ते. तिसरा म्हणतो डेबियन हे लिनक्स सोडून बाकी सगळं थोतांड. चौथा म्हणतो, चालतंय ना विंडोज, मग कशाला हात लावता?

चौघंही खोटं बोलत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या जागेवरून बोलतो आहे, एवढंच. झेडएफएसवाल्याने बहुधा ऑफिसात डझनभर डिस्कांची कपाटं सांभाळली आहेत. प्रॉक्समॉक्सवाल्याला शिकायचं असतं, मोडायचं असतं, पुन्हा बांधायचं असतं. विंडोजवाल्याला रविवारची दुपार मोकळी हवी असते. तुम्हाला जे हवंय ते या चौघांपैकी कुणालाच नको आहे: दीड टीबी पुढची वीस वर्षं शाबूत राहावेत, आणि तुम्ही गावाला असताना काही बिघडलं तरी घरातल्या कुणाला तरी ते परत मिळवता यावेत.

म्हणून मी प्रश्न थोडा फिरवते. कोणती ऑपरेटिंग सिस्टम चांगली, हा प्रश्न बाजूला ठेवा. डिस्क मेली, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जळला, मुलाने चुकून फोल्डर उडवला, त्या दिवशी कोण काय करणार? याचं उत्तर ज्या मांडणीत सगळ्यात सोपं असेल, ती तुमची मांडणी. मी सांगली-मिरजेकडे छापखाने, सीएंची ऑफिसं, एखाद-दुसरी पतसंस्था अशा ठिकाणची यंत्रं सांभाळते, आणि नवं यंत्र बसवताना हाच प्रश्न पहिला विचारते.

या भांडणांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९९२ च्या जानेवारीत अँड्र्यू टॅनेनबाउम या प्राध्यापकांनी लिनक्स कालबाह्य आहे असं जाहीरपणे लिहिलं आणि लिनस टॉरवाल्ड्सने तितक्याच तिखटपणे उत्तर दिलं. मुद्दा सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नल, छोट्या सुट्या भागांचा (मायक्रोकर्नल) चांगला की एकसंध, हा होता. पुढे लिनक्स जगभर पसरलं, तर टॅनेनबाउम यांचं मिनिक्स इंटेलच्या प्रोसेसरमधल्या मॅनेजमेंट इंजिनात जाऊन बसल्याचं २०१७ साली उघड झालं, म्हणजे तेही कोट्यवधी यंत्रांत पोचलं. २०१४ मध्ये डेबियनने यंत्र सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणारं सिस्टमडी स्वीकारायचं ठरवल्यावर इतकी भांडणं झाली की काही जणांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. आज दोन्ही चालू आहेत आणि दोन्हींवर लोकांचे फोटो सुखरूप आहेत.

यातला एक प्रसंग मात्र तुमच्या कामाचा आहे. सेंटओएस हे लिनक्स व्यावसायिक दर्जाचं, फुकट आणि दहा वर्षं टिकणारं म्हणून असंख्य ऑफिसांनी निवडलं होतं. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं, की सेंटओएस ८ चा आधार २०२९ पर्यंत मिळणार नाही, २०२१ च्या शेवटीच संपेल. वर्षभरात सगळ्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. ज्यांचा डेटा साध्या फोल्डरांत होता आणि बॅकअप जागेवर होता, त्यांचा फार तर एक शनिवार-रविवार गेला. ज्यांनी सगळं त्या एका सिस्टमच्या खास सोयींवर बांधलं होतं, ते महिनोन्महिने अडकले. निवड कितीही विचारपूर्वक केली तरी जमीन पायाखालून सरकू शकते. तेव्हा सिस्टम बदलता येण्याजोगी ठेवा आणि डेटा तिच्यापासून सुटा ठेवा.

आता तुमच्या यंत्राबद्दल. सिस्टमच्या आधी एसएमपीएस बदला. कॅबिनेटसोबत आलेला दहा वर्षांचा एसएमपीएस दिवसातून दोन तास चालणाऱ्या पीसीला पुरतो. चोवीस तास, त्यात आपल्याकडचं कमीजास्त व्होल्टेज, आणि पुढे दोन नव्या डिस्क जोडलेल्या, एवढी परीक्षा मी त्याची घेणार नाही. नावाजलेल्या कंपनीचा ४००-४५० वॅटचा घ्या. साटा डिस्कला वीज देताना मोलेक्सवरून साटा करणारी स्वस्त, साच्यात ओतलेली कनेक्टर लावू नका, ती आतून वितळून जळतात. त्यानंतर मेमटेस्ट रात्रभर चालवून रॅम तपासा. नव्या डिस्कांवर स्मार्ट या डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची लांब चाचणी चालवा, ४ टीबीच्या डिस्कला सात-आठ तास लागतात. चाचणीनंतर रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागा) हे दोन आकडे शून्य दिसले पाहिजेत. नव्या डिस्कवर तिथे शून्याखेरीज काही दिसलं तर दुकानदाराकडे परत.

विजेचा हिशेब तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. असा डेस्कटॉप दोन डिस्कांसह रिकामा बसलेला असताना ४० वॅट घेतो असं धरू. पाचशे-सहाशे रुपयांचं प्लगमध्ये लावायचं मीटर आणून स्वतः मोजलंत तर उत्तम. ४० वॅट म्हणजे दिवसाला जवळपास एक युनिट, वर्षाला ३५०. युनिटला सरासरी १० रुपये धरले तर साडेतीन हजार. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्या आहेत. तुमचा महिन्याचा वापर २८०-२९० च्या घरात असेल तर सर्व्हरच्या महिन्याच्या तीसेक युनिटांपैकी दहा-वीस वरच्या दरात जातील, तेवढं बघा. इंटेल एन-१०० चा नवा मिनी पीसी घेतला तर निम्मी वीज वाचेल, पण त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाहीत, आणि वर्षाला वाचणाऱ्या पावणेदोन हजारांतून त्याची किंमत निघायला बरीच वर्षं जातील. हातात आहे ते यंत्र वापरा. ते मेलं की मग कमी विजेचं बघू.

विंडोजचं काय? चौथ्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची सुरक्षा दुरुस्ती घरगुती वापरासाठी एका वर्षापुरती मिळते, तीही वेगळी नोंदणी करून. फक्त एवढ्याच कारणाने मी तुमच्या बाबतीत विंडोजला नाही म्हणते. एरवी ज्या घरात लिनक्स कुणालाच येत नाही आणि शिकायचीही इच्छा नाही, तिथे आठव्या पिढीच्या पुढचं यंत्र असेल तर विंडोजवर शेअर केलेला फोल्डर आणि रोजचा बॅकअप ही मांडणी मला वाईट वाटत नाही. लिनक्सवाल्यांना हे आवडणार नाही, पण बिघडल्यावर घरात कुणाला तरी हात घालता येणं हे मोठं भांडवल आहे.

प्रॉक्समॉक्स फार छान आहे. डेबियनवरच उभं आहे आणि कामाच्या ठिकाणी मी ते आनंदाने वापरते. एका यंत्रात पाच यंत्रं चालवायची असतील तर त्याला तोड नाही. तुम्हाला चालवायचं आहे एकच. ८ जीबीत वर एक थर आणि त्यात आणखी एक सिस्टम, म्हणजे बिघाड शोधायच्या जागा दुप्पट. शिकायची हौस असेल तर दुसरं जुनं यंत्र घ्या, त्यावर काहीही मोडा. वडिलांची कीर्तनं असलेल्या यंत्रावर प्रयोग नकोत.

ट्रूनॅसची गोष्ट वेगळी. ते डिस्क सांभाळण्यासाठीच बनलेलं आहे, सगळं ब्राउझरमधून करता येतं आणि खाली झेडएफएस आहे. पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते, म्हणजे तुम्ही उंबरठ्यावरच उभे आहात. शिवाय सिस्टमसाठी स्वतंत्र डिस्क द्यावी लागते, तिच्यावर डेटा ठेवता येत नाही. तुमच्या बोर्डवर साटाची चारच पोर्टं असतात, ती पुरतील. तरीही हे फ्रीनॅस म्हणून सुरू झालेलं प्रकरण आहे, २०२० मध्ये त्याचं ट्रूनॅस झालं आणि मग फ्रीबीएसडीवरून लिनक्सवर सरकलं. प्रत्येक टप्प्यावर वापरणाऱ्यांना काही ना काही नव्याने मांडावं लागलं. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर करावं.

आता झेडएफएस आणि ईसीसी, कारण तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलेले तिथेच दिसता. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये बनलं आणि २००५ साली खुलं झालं. त्याची खरी ताकद अशी, की प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या ते साठवतं. डिस्कने गुपचूप चुकीचा बाइट दिला तर त्याला कळतं, आणि दुसरी प्रत असेल तर ते दुरुस्तही करतं. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ फाइल सिस्टमला फाइलच्या आतल्या मजकुराचं असं काही कळत नाही. हा फरक खरा आहे, मार्केटिंग नाही. पण त्याला चिकटलेली ईसीसीची भीती तितकी खरी नाही. खराब रॅम असेल तर झेडएफएसची तपासणी सगळा डेटाच खाऊन टाकते अशी एक दंतकथा वर्षानुवर्षं फिरते. झेडएफएसच्या मूळ कर्त्यांपैकी एक, मॅथ्यू अहरेन्स, यांनीच जाहीरपणे लिहिलं आहे की इतर फाइल सिस्टमपेक्षा झेडएफएसला ईसीसीची जास्त गरज आहे असं काही नाही. ईसीसी चांगलीच, कुठेही चांगली. तुमच्या आय-५ मध्ये ती चालत नाही, तेव्हा विषय संपला. रॅम तपासून घ्या आणि पुढे चला.

माझ्या पाहण्यात घरातले आणि छोट्या ऑफिसांतले फोटो-कागद बिट कुजून गेल्याची उदाहरणं अगदीच विरळ. ते जातात ते भलत्याच वाटांनी. कुणीतरी जागा मोकळी करायला म्हणून फोल्डर उडवतो. यूएसबी डिस्क टेबलावरून पडते. विंडोजच्या एका यंत्रात खंडणी मागणारा व्हायरस शिरतो आणि त्याला जोडलेले सगळे शेअर केलेले फोल्डर कुलूपबंद करतो. नाहीतर पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा हरभट रोडवरच्या दुकानांत कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप एकाच टेबलावर होते, दोन्ही एकाच पाण्याखाली गेले. तुम्ही कृष्णा-कोयनेच्या काठावर राहता, तुम्हाला हे सांगायला नको. झेडएफएस, ईसीसी, रेड, यातलं काहीही तिथे उपयोगी पडत नाही.

म्हणून दोन डिस्कांचं रेड-१ करू नका. माझ्या या मतावर वाद होतो, म्हणून कारण सांगते. रेड-१ म्हणजे कार्बन पेपर: वर जे लिहाल तेच खाली त्याच क्षणी उमटतं, चुकीचंही. फाइल उडवली, दोन्हीकडून उडाली. कुलूप लागलं, दोन्हीकडे लागलं. रेडचा फायदा एकच, एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. पतसंस्थेचा काउंटर चालू असताना हे सोन्यासारखं आहे. तुमच्या घरी दोन दिवस फोटो दिसले नाहीत तर काय बिघडणार?

त्याऐवजी पहिली डिस्क कामाची ठेवा. दुसरी त्याच यंत्रात, पण नेटवर्कवर शेअर न केलेली. रोज रात्री आरस्नॅपशॉटने पहिलीवरून दुसरीवर प्रत. हे साधन न बदललेल्या फाइलींसाठी नवी जागा खात नाही आणि रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा असे जुने फोल्डर जसेच्या तसे उभे ठेवतं. मुलाने मंगळवारी उडवलेला फोल्डर सोमवारच्या प्रतीत सापडतो. तिसरी प्रत यूएसबी डिस्कवर, ती घरात नको. बहिणीकडे, सासुरवाडीला, कुठेही, पण नदीचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर. सणाला जाल तेव्हा अदलाबदल करा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेर, हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केला. फोटोवाल्यानेच तो सांगावा यात नवल नाही.

मग फाइल सिस्टम? कामाच्या आणि दुसऱ्या डिस्कला ईएक्सटी-४. बाहेरच्या डिस्कला एक्सफॅट, म्हणजे तुम्ही नसताना वहिनींच्या किंवा पुतण्याच्या कुठल्याही लॅपटॉपला लावली की उघडेल. काही जण इथे रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची साधनं सुचवतील. दोन्ही उत्तम आहेत, सगळं कुलूपबंद ठेवतात आणि पडताळणीही करतात. पण पासवर्ड हरवला की सगळं गेलं, आणि फाइली नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. सीएच्या ऑफिसात मी तेच वापरते, कारण तिथे डिस्क चोरीला जाणं हे डिस्क मरण्यापेक्षा मोठं संकट आहे. कीर्तनांच्या रेकॉर्डिंगला कुलूप कशाला? सातबारे आणि खरेदीखतांचा फोल्डर मात्र वेगळा कुलूपबंद करून ठेवा. पडताळणीची कमतरता तुम्हाला खुपतच असेल तर सगळ्या फाइलींच्या पडताळणी-संख्यांची एक यादी बनवून तिन्ही डिस्कांवर ठेवा आणि वर्षातून एकदा जुळवून बघा. झेडएफएसच्या कामाचा मोठा भाग त्यात होतो, फक्त दुरुस्ती आपल्या हाताने करायची.

सिस्टम म्हणून डेबियन १३ टाका, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं आहे. त्याला एकूण पाच वर्षं सुरक्षा दुरुस्ती मिळते आणि मधल्या काळात ते तुम्हाला त्रास देत नाही. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराची, आवृत्तीही तितकीच चालेल. तुमचा पुतण्या कॉलेजात उबुंटू वापरतो असं तुम्ही लिहिलं आहे. तो अडीनडीला येऊन बसणार असेल तर निर्विवाद उबुंटू. डेबियन का उबुंटू यापेक्षा पुतण्या कऱ्हाडात आहे की पुण्यात, हा प्रश्न मोठा. सिस्टम एका छोट्या एसएसडीवर टाका, २५० जीबी भरपूर झाली. उद्या ती मेली तर नवी लावून दीड तासात सिस्टम पुन्हा उभी राहते. डेटाच्या डिस्कांना हातही लावावा लागत नाही.

आता अशा एका गोष्टीबद्दल, जी इंग्रजीतल्या मार्गदर्शनांत सापडत नाही आणि मराठी माणसाला हमखास नडते. फाइलींची नावं. तुम्ही लिहिलंय की कीर्तनांच्या फाइलींना वडिलांनी स्वतः लांबलचक मराठी नावं दिली आहेत, तिथी, गाव, अभंग, साथीदार असं सगळं नावातच. ईएक्सटी-४ वर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. ‘कीर्तन’ हा शब्दच सहा चिन्हांचा, अठरा बाइटांचा. विंडोजच्या एनटीएफएसवर मात्र २५५ चिन्हं बसतात. त्यामुळे विंडोजवर वर्षानुवर्षं सुखाने राहिलेली फाइल लिनक्सवर आणताना नाव फार लांब म्हणून नाकारली जाते. प्रती करणारा आरसिंक हा प्रोग्राम ती वगळतो, पुढच्या फाइली आणतो, आणि चूक सांगणारी ओळ हजारो ओळींत वर सरकून जाते. तेव्हा विंडोजवर असतानाच लांब नावं शोधून आखूड करा आणि मूळ नाव त्याच फोल्डरात एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवा. वडिलांच्या हातची माहिती आहे ती, कापून टाकू नका.

दुसरी अडचण थेट तुमच्या गावाच्या नावातच आहे. ‘कऱ्हाड’मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टम नावं सुटी करून साठवायची, विंडोज आणि लिनक्स जशी आली तशी ठेवतात. भावाच्या जुन्या मॅकबुकवरून आलेला ‘कऱ्हाडचं घर’ आणि तुमच्या पीसीवरचा ‘कऱ्हाडचं घर’ हे लिनक्सच्या लेखी दोन वेगळे फोल्डर ठरतील, शेजारी शेजारी, हुबेहूब. वऱ्हाड, तऱ्हा, गोऱ्हे, सगळीकडे हेच. कॉन्व्हएमव्ही नावाचं छोटं साधन डेबियनमध्येच मिळतं, ते सगळी नावं एका साच्यात आणतं. आधी नुसतं काय बदलणार ते दाखवायला सांगा, मग प्रत्यक्ष बदला. एकत्र करण्याआधी हे केलंत तर अर्ध्या फोटोंच्या दोन-दोन प्रती होणार नाहीत.

वीज जाण्याबद्दल. इन्व्हर्टरवर टाकणार असाल तर त्याच्या मागचा खटका यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. इकोवर असेल तर बदल व्हायला इतका वेळ लागतो की पीसी रीस्टार्ट होतो. वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस घेतलात तर त्या स्वस्त मॉडेलांना बहुधा यूएसबी जोडणी नसते, म्हणजे वीज गेल्याचं सर्व्हरला कळत नाही. त्यावर साधी युक्ती: घरातलं एखादं वायफायचं उपकरण, स्मार्ट प्लग वगैरे, इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगमध्ये ठेवा आणि राउटर मात्र बॅकअपवर. सर्व्हर दर मिनिटाला त्या उपकरणाला हाक मारेल. सलग पाच मिनिटं उत्तर आलं नाही तर वीज गेली समजून स्वतःहून बंद होईल. बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय चालू करा. पण बंद झाल्यानंतर यूपीएस संपायच्या आत वीज परतली तर ही सोय काम करत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने वीज गेलेलीच नसते. म्हणून बायॉसमध्येच रोज सकाळी सहाचा गजर लावून ठेवा. बंद असेल तर उठेल, चालू असेल तर काही होणार नाही.

भावाचं आता. राउटरमध्ये पोर्ट उघडून सांबाचा (लिनक्सवरून फोल्डर शेअर करणारं साधन) फोल्डर बाहेर दाखवायचा विचारही करू नका. २०१७ चा वॉनाक्राय फायली शेअर करायच्या त्याच दारातून पसरला, आणि २०२२ मध्ये डेडबोल्टने इंटरनेटला थेट उघडी असलेली तयार नॅस यंत्रं (नेटवर्कला जोडायच्या डिस्कांच्या पेट्या) हजारोंनी कुलूपबंद केली. तसंही तुमच्या ब्रॉडबँडवर ते बहुधा जमणार नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर कंपनीने तुम्हाला सामाईक पत्त्यामागे ठेवलं आहे, ज्याला सीजीनॅट म्हणतात, आणि बाहेरून थेट दार उघडणं शक्यच नाही. टेलस्केल वापरा, ते दोन्हीकडची यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडतं. खाली वायरगार्ड हे कुलूपबंद जोडणीचं तंत्र आहे, जे २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि सीजीनॅटमधूनही ते वाट काढतं. भावाच्या फोनवर ॲप टाकलं की झालं.

फोटो बघायला इमिच चांगलं आहे, गुगल फोटोजच्या वळणाचं. तुमचे आहेत ते फोल्डर त्याला बाहेरची लायब्ररी म्हणून, फक्त वाचण्याच्या परवानगीने द्या. त्याने हलवाहलव केली नाही की उद्या इमिच काढून दुसरं काही टाकता येतं. पहिल्यांदा चेहरे ओळखताना तुमचं यंत्र काही दिवस घाम गाळेल, गाळू द्या. फोनवरच्या हेव्हिक (एचईव्हीसी) प्रकारच्या व्हिडिओंचं रूपांतर मात्र या पिढीच्या चिपला हार्डवेअरमध्ये येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. त्याला वेळ लागला तर तक्रार करू नका.

म्हणजे क्रम असा: एसएमपीएस, रॅम आणि डिस्कांची तपासणी, नावांची साफसफाई, एसएसडीवर डेबियन किंवा उबुंटू, दोन सुट्या डिस्क, रात्रीची प्रत, बाहेरची डिस्क, आणि सगळ्यात शेवटी टेलस्केल आणि इमिच. लोक बहुतेक वेळा शेवटापासून सुरुवात करतात, कारण मजा तिथे आहे.

हे सगळं वाचून दमला असाल तर दोन डिस्कांचं तयार नॅस घेणं ही लाज वाटावी अशी गोष्ट नाही. पैसे जास्त जातात, रविवार वाचतात. फक्त घेण्याआधी त्या मॉडेलमध्ये कोणत्या कंपन्यांच्या डिस्क चालतात ते तपासा, काही मॉडेलांत कंपनीच्या यादीबाहेरच्या डिस्कवर बंधनं आली होती. आणि तिथेही बाहेरची प्रत सुटत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, जुन्या एनटीएफएस डिस्क किती दिवसांनी फॉरमॅट करू. दिवस धरू नका, तीन कामं धरा. एक, जुन्या आणि नव्या डिस्कवरच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळले पाहिजेत. दोन, दुसऱ्या डिस्कवरच्या जुन्या प्रतीतून एक फोल्डर परत आणून त्यातलं एखादं कीर्तन पूर्ण ऐकून झालं पाहिजे. तीन, बाहेरची डिस्क तुमच्या मदतीशिवाय घरातल्या दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून दाखवली पाहिजे. तिन्ही झाली की जुन्यांपैकी एक फॉरमॅट करा. दुसरी तशीच राहू द्या, कपाटात जागा फार लागत नाही.